रोजा जमतो, मग फरसाण का सुटत नाही?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास रबाळे स्टेशनाबाहेर गर्दी दोनच ठिकाणी असते, रिक्षाच्या रांगेत आणि वडापावच्या गाडीपाशी. ठाण्याकडून आणि वाशीकडून गाड्या येतात, एमआयडीसीतले लोक परतत असतात. दुपारी एकला डबा खाल्लेल्या माणसाला या वेळी भूक लागणारच. ती खरी भूक आहे आणि त्या एका वडापावला कोणी नावे ठेवू नयेत.

प्रश्न घरी पोचल्यावर सुरू होतो. चहाबरोबर खारी येते. टीव्ही लागला की फरसाणाचा डबा उघडतो. मुलांच्या हातात पाच-दहा रुपयांच्या पुड्या असतात, त्यांतलेही दोन-चार घास आपल्या तोंडात जातात. नऊ वाजता जेवायला बसल्यावर भूक मेलेली असते, म्हणून अर्धीच पोळी खाल्ली जाते. मग अकरा वाजता पोट पुन्हा मागते आणि डबा पुन्हा उघडतो.

शाळेत पालकसभेच्या दिवशी एक तक्रार हमखास ऐकू येते, "टीचर, हा जेवतच नाही." मी विचारते, शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत त्याने काय काय खाल्ले? अम्मी आठवून आठवून सांगू लागतात. बिस्किटे, कुरकुरे, दुकानातला केक, भावाच्या वाटणीचे चिप्स. यादी संपेपर्यंत त्यांचे त्यांनाच उत्तर मिळालेले असते. मूल जेवत नाही, कारण ते दिवसभर खातच असते. मोठ्यांचेही तेच आहे, फक्त त्यांची यादी कोणी विचारत नाही.

एकच माणूस, दोन वागणुकी

"सवय सुटत नाही, मनावर ताबाच नाही," असे म्हणणारे हेच आपण रमजानमध्ये काय करतो ते पाहा. तेरा तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही तोंडात घालत नाही. कारखान्यात उभ्याने काम करणारा माणूस रोजा ठेवतो. घरातल्या बाया रोजा ठेवून इफ्तारीची भजी तळतात आणि मीठ चाखायला मिळत नसताना अंदाजाने सगळे नीट करतात. म्हणजे ताबा आहे आणि भरपूर आहे.

आणि त्याच माणसांचे मगरिबनंतर काय होते? खजुराने सुरुवात होते, मग समोसे, भजी, सरबत, जेवण, आणि तरावीहनंतर पुन्हा काहीतरी. सूर्यास्ताआधी ज्याचा हात जागचा हलला नाही, त्याचाच हात सूर्यास्तानंतर थांबत नाही. दोन तासांत माणूस काही बदललेला नसतो.

रोजात तीन गोष्टी असतात. नियत असते, आपण काय करणार आहोत हे आधीच ठरलेले असते. वेळ असते, सुरुवात आणि शेवट दोन्ही अजानीने बांधलेले असतात. आणि सोबत असते, घरातले सगळे एकाच दस्तरखानावर बसतात. संध्याकाळच्या फरसाणाला यांतले काहीच नसते. ते ठरवून सुरू होत नाही, संपायची त्याला वेळ नसते, आणि पुष्कळदा ते एकट्याने, उभ्याने, मोबाइल पाहत चालते. म्हणून स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा या तीन गोष्टी रोजच्या खाण्यात आणणे अधिक उपयोगी आहे.

पुडीतला मालही तसाच असतो

हात न थांबण्याचे आणखी एक कारण पदार्थातच आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी 20 माणसांना दवाखान्यात ठेवून एक प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात बनलेले तयार खाणे आणि दोन आठवडे साधे, घरच्यासारखे खाणे. दोन्हींत वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ, तेल यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि प्रत्येकाला हवे तितके खायची मुभा होती. तयार खाण्यावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे 500 उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी एक किलोच्या जवळपास वाढले. ती खातही होती भराभर.

आपल्या अनुभवाशी हे जुळते. भाकरी चावावी लागते, चिप्स तोंडात विरघळतात. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि पुडी पाच मिनिटांत संपते. शिवाय शंभर ग्रॅम चिप्समध्ये साधारण 35 ग्रॅम तेल असते, म्हणजे सात-आठ चमचे. भाजीत कोणी आपल्या एकट्याच्या वाटणीला इतके तेल ओतले, तर आपण ताट सरकवून देऊ. फरसाण-शेवेचे गणितही यापेक्षा फार वेगळे नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी वयात आणि फारसा जाड नसलेल्या माणसालाही गाठतो. घरातल्या कमावत्या माणसाला चाळिशीत साखर निघाली, तर औषधाचा खर्च पगारातून जातो आणि त्याची झळ मुलांच्या फीपर्यंत पोचते. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर जास्त जपावे. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि ती भागवायला रात्री हाताशी असते ती पुडीच.

इस्राफ कशाला म्हणायचे?

कुरआनच्या सूरह आराफमधील 31व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि हद्द न ओलांडण्याची ताकीद एकत्रच आली आहे. आपण इस्राफ म्हटले की ताटात टाकलेले अन्न डोळ्यांसमोर आणतो. म्हणून मुलांनी सोडलेला अर्धा समोसा, तळाशी उरलेला चिवडा, सुकत चाललेला केक असे सगळे घरातली बाई ओट्यापाशी उभ्यानेच तोंडात टाकते. वाया जाऊ नये, हा तिचा हेतू चांगलाच असतो. पण भूक नसताना पोटात गेलेले अन्नही वायाच जाते, वर शरीराला भार होते. उरलेले डब्यात झाकून उद्यासाठी ठेवता येते, शेजारी देता येते, आणि सर्वांत बरे म्हणजे आधीच कमी वाढता येते. पोट म्हणजे घरातला उरलेसुरले टाकायचा डबा नव्हे.

तिरमिजीतील एका हदीसचा आशय सर्वांना ठाऊक आहे. कंबर ताठ राहील इतके घास माणसाला पुरतात. त्याहून जास्त खायचेच असेल तर पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. दस्तरखानावर आपण ही हदीस मुलांना सांगतो. ती संध्याकाळच्या डब्यालाही लागू आहे.

मग करायचे काय?

पहिले, वेळ ठरवा. असर आणि मगरिबच्या मधली एक वेळ चहा-नाश्त्याची. मगरिबची अजान झाली की डबे बंद. घड्याळ विकत आणायला नको, मोहल्ल्यातली अजान आहेच. पाळीमुळे ही वेळ जमत नसेल त्यांनी आपली वेगळी ठरवावी, पण ती एकच असावी.

दुसरे, पुडीतून किंवा डब्यातून थेट खाऊ नका. वाटीत काढा, डबा झाकून कपाटात ठेवा आणि मग बसा. बिस्मिल्लाह म्हणून खायला सुरुवात केली की आपण खात आहोत याची जाणीव होते. टीव्ही आणि मोबाइल तेवढ्यापुरते बाजूला. वाटी संपली की नाश्ता संपला.

तिसरे, वेळेबाहेर खावेसे वाटले तर एक पेला पाणी पिऊन दहा मिनिटे थांबा. कंटाळा, राग, काळजी यांतून आलेली इच्छा बहुधा तेवढ्यात ओसरते. खरी भूक असेल तर ती राहील, आणि तिला जेवणच द्यावे. जेवण अर्धा तास अलीकडे घेतले तरी बिघडत नाही.

चौथे, भरण्यासारखे काही घरात ठेवा. भाजलेले चणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, मोडाची मटकी, केळे, पेरू, भाजलेले कणीस, ताक. खजूर उत्तमच, पण दोन-तीन. त्यातही साखर असते. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून आणू नका. घरात आलेले पाकीट आज ना उद्या पोटातच जाते.

पाचवे, मुलांसाठी. रडणे थांबवायला किंवा बक्षीस म्हणून पुडी देऊ नका. तसे केले की मूल दुःख आणि आनंद दोन्ही पुडीशी जोडते. पूर्ण बंदीही घालू नका, बंदीतले खाणे चोरून होते. आठवड्यातला एक दिवस ठरवा. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये केला आहे. पण पन्नास मीटरनंतरचा रस्ता आणि मुलाच्या खिशातले दहा रुपये ही जबाबदारी आपली आहे.

सहावे, मेहमाननवाजी. पाहुण्यांपुढे चार बशा मांडून "आणखी घ्या ना" असा आग्रह करणे म्हणजे प्रेम, असे आपण धरून चाललो आहोत. पाहुणा नको म्हणाला तर एकदा विचारावे आणि सोडून द्यावे. आपणही पाहुणे असताना हात छातीवर ठेवून "शुक्रिया, पोट भरले" म्हणायला लाजू नये.

एखाद्या संध्याकाळी हे सगळे मोडेल. शादीचे घर असेल, ईद असेल, नाहीतर नुसताच वाईट दिवस असेल. म्हणून "आता गेलेच" म्हणत डबा रिकामा करू नये. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, हे हदीसमध्ये आलेच आहे. दुसऱ्या दिवशी असरनंतर पुन्हा वाटी घ्यावी.

मात्र कोणी लपून खात असेल, थांबावेसे वाटूनही थांबता येत नसेल आणि नंतर स्वतःचीच घृणा येत असेल, तर तो आजार असू शकतो. अशा माणसाला टोमणे मारू नका, डॉक्टरांकडे न्या.

ही सवय मोडायला रमजानची वाट पाहायची गरज नाही. या आठवड्यात एकच गोष्ट करून पाहा. फरसाणाचा डबा टीव्हीजवळून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक वाटी द्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरखानात बरकत देवो. आमीन.