पुण्य नको, पण मासा आवर!

आमच्या घरी फिश टँक आला तो धाकट्याच्या हट्टापायी. सिद्धेश्वरला राहायचं, चार पावलं चाललं की धरणाचं पाणी, आणि मासे बघायला हिंगोलीहून काचेची पेटी विकत आणायची! लोक हसले. पण सासूबाईंनी टीव्हीवर ऐकलं होतं, की ईशान्येला मासे असले म्हणजे घरात बरकत येते. मग काय, दोन फुटी पेटी ईशान्य कोपऱ्यात विराजमान झाली. हट्ट मुलाचा, पैसे त्याच्या बाबांचे, श्रेय वास्तूचं आणि दर आठ दिवसांनी रबरी नळी तोंडाने ओढून घाण पाणी काढायचं काम आईचं. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हिशेब हाच असेल.

पहिली पीडा आली ती हिरव्या पाल्यातून. शोभेला म्हणून पाणवनस्पतीची एक जुडी आणली. पंधरा दिवसांत काचेवर तिळाएवढे ठिपके चालायला लागले. गोगलगायी! त्यांची अंडी पानाच्या मागच्या बाजूला चिकट, पारदर्शक थेंबात असतात, नुसत्या डोळ्यांना पटकन दिसत नाहीत. यातल्या बऱ्याच जातींत एकाच जिवात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे एक जरी मागे राहिली तरी वंश बुडत नाही. मी रोज चिमट्याने वेचायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच! कुणीतरी सांगितलं, मोरचूद टाका. टाकलं. गोगलगायी मेल्या, सडल्या, पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि तिसऱ्या दिवशी आमचे दोन गोल्डफिश उलटे तरंगले. मोरचुदातलं तांबं गोगलगायीला मारतं तसं माशालाही मारतं, हे मला नंतर कळलं. धाकटा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उपाय निघाला तो शेवटी स्वयंपाकघरातूनच. रात्री काकडीची जाड चकती दोरा बांधून टँकमध्ये सोडायची. सकाळी तिच्यावर गोगलगायींची पंगत बसलेली असते, ती चकतीसकट उचलायची. असं आठ-दहा दिवस केलं की फरक दिसतो. दुसरं म्हणजे माशांचं खाणं कमी करायचं. गोगलगायी पोसल्या जातात त्या आपण जास्तीच्या टाकलेल्या अन्नावर, आणि आपण आया, मुलगा असो की मासा, ‘अजून थोडं घे’ म्हटल्याशिवाय राहत नाही! नवा पाला आणला तर लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवायचा, स्वच्छ धुवायचा आणि तरीही दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचा. 2020 साली आपण भाजीची पिशवी दारातच ठेवायचो ना, तसं.

पण एक कबूल करते. वेचलेल्या गोगलगायी मी खुशाल नालीत फेकत होते. नाली ओढ्याला मिळते, ओढा पूर्णा नदीला. तेव्हा हा विचार मनात आलाच नाही. घरातून गेलं म्हणजे संपलं, असंच आपण धरून चालतो.

दुसरी पीडा मी स्वतः पैसे देऊन आणली. दुकानदार म्हणाला, “ताई, हा सकर घेऊन जा. काच चाटून साफ ठेवतो.” साफसफाईला मदतनीस मिळतोय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते! बोटाएवढा काळा मासा, काचेला तोंड लावून बसलेला. हा बोटाएवढा मासा पुढे हातभर होतो, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दीड वर्षात तो वीतभराच्या पुढे गेला. काच चाटायचं तर त्याने कधीच सोडलं होतं. रात्री नांगर फिरवल्यासारखी वाळू उकरायचा, आणि गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओढायचा. घाण एकटा इतकी करायचा, की आठवड्यात दोनदा पाणी बदलायची पाळी आली. मदतनीस कसला, जावईच आणून ठेवला होता!

“अगं, सोडून दे धरणात,” सासूबाई म्हणाल्या. “मुका जीव मोकळा केल्याचं पुण्य लागतं. श्रावण चालू आहे.” मलाही पटलं. त्याचाही सुटकारा, माझाही. बादलीत मासा घेतला, धाकट्याचे डोळे पुसले आणि संध्याकाळी दोघं पाण्याच्या कडेला गेलो. तिथे भोयांची एक मावशी जाळं सांधत बसली होती.

“काय सोडायलाव, बाई?”

“मासा आहे मावशी. घरात मावेना.”

तिने बादलीत डोकावलं आणि हातातलं जाळं खाली ठेवलं. “हे कामून आणलं इथं? माझा भाऊ उजनीला राहतोय. त्याच्या जाळ्यात हेच येतंय. अंगभर काटे, जाळ्यात गुततंय, काढता काढता जाळं फाटतंय. बाजारात कुणी घेत नाही. तुमचं पुण्य व्हतंय बाई, आमचं जाळं जातंय.”

मी बादली उचलून घरी आले. त्या रात्री भाचीला फोन लावला, कारण आमच्या घराण्यात माशांचं शास्त्र तिला कळतं. ती कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ राहते आणि तिच्याकडे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक आहे. (आपल्याकडे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, त्यामुळे हा शौक इकडे नकोच.) तिचीही रड माझ्यासारखीच. विकत आणलेल्या दगडाला चिकटून ‘ऐप्टेशिया’ नावाचा काचेच्या फुलासारखा जीव आला. दिसायला गोड, पण शेजारच्या प्रवाळांना डंख मारतो. खरवडून काढायला गेलं तर तुटलेल्या तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो. बिचारी सुईने एकेकाच्या तोंडात चुन्याचं दाट पाणी भरत बसते.

“पण मावशी, आम्ही टँकमधलं पानही बाहेर टाकत नाही,” ती म्हणाली आणि मग तिने तिच्या भागातली हकिगत सांगितली. 2000 साली तिथल्या कार्ल्सबाड गावच्या खाडीत टँकमध्ये शोभेला ठेवतात ते एक समुद्री शेवाळ सापडलं, ‘कॉलर्पा’ नावाचं. कुणाच्या तरी टँकमधूनच गेलं असणार. हेच शेवाळ 1984 मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयासमोर समुद्रात दिसलं होतं आणि पुढे भूमध्य समुद्रात शेकडो मैल पसरलं. अमेरिकेतल्या लोकांनी मात्र धडा घेतला. खाडीच्या तळाशी शेवाळावर ताडपत्र्या अंथरल्या, कडा दाबल्या आणि आत क्लोरीन सोडलं. 2006 मध्ये शेवाळ संपल्याचं जाहीर झालं. कुणीतरी एक बादली ओतली आणि ती निस्तरायला सहा वर्षं लागली. तीही खाडी लहान, पैसा मुबलक आणि पीडा वेळेवर नजरेला पडली म्हणून.

आपल्या धरणाच्या तळाशी ताडपत्री कोण अंथरणार?

हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखतासारखे खवले, परांना टोकदार काटे, त्यामुळे आपल्याकडच्या मोठ्या माशालाही तो सहजासहजी गिळता येत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो, म्हणून उन्हाळ्यात पाणी आटलं तरी तगतो. नर-मादी काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात आणि नर राखण करतो. कालव्याच्या काठाला अशी बिळं पडली तर काय होईल, हे शेतकऱ्याच्या बायकोला मी सांगायला नको. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण आहे. तिथल्या कोळ्यांची जाळी याच जातीच्या माशांनी भरायला लागली आणि हजारो माणसांच्या पोटावर पाय आला. गंमत म्हणजे त्यांचा हातचा गेलेला मासा होता तिलापिया, तोही मूळ आफ्रिकेतला! आपल्या उजनीवर त्यालाच चिलापी म्हणतात. तो 1952 मध्ये भारतात आणला, गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. जलपर्णीही अशीच फुलं सुंदर म्हणून आली. बंगालमध्ये ती इतकी माजली, की 1936 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा आजही तिच्याशी झुंजताहेत. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता.

“एका माशाने काय होतंय?” असं आमच्या शेजारणीने विचारलंच. एकट्या माशाची पिल्लं होत नाहीत, खरं आहे. पण हिंगोली, परभणी, नांदेडमधल्या किती घरांत बादली उचलताना हेच वाक्य म्हटलं जात असेल? वर येलदरी, खाली आमचं सिद्धेश्वर, तिथून पूर्णा जाते गोदावरीला, गोदावरी नांदेडवरून तेलंगणात. दरवाजे उघडले की मासा काही जिल्ह्याची हद्द विचारत नाही. आणि नुकसान कुणाचं? रोहू-कटल्याची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईचं. ती आपल्याकडे येऊन भांडणारही नाही, कारण जाळं कुणाच्या पुण्याने फाटलं हे तिला कधी कळायचंच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की दुकानदाराने मासा विकताना तो केवढा होणार हे सांगितलंच पाहिजे आणि नको झाला तर परत घेतलाच पाहिजे. आपणही विचारलं पाहिजे. साडी घेताना रंग जाईल का म्हणून दहादा विचारतो ना? परत घेत नसेल तर मोठा टँक असलेलं घर शोधा. मी आता काढून टाकलेला पाला कडक उन्हात वाळवते, गोगलगायी उकळत्या पाण्यात घालते आणि टँकचं पाणी गुलाबाच्या कुंड्यांना घालते, नालीत नाही. गुलाबाला ते फार मानवतं. अगदीच नाइलाज झाला तर पाण्यात लवंगेचं तेल जास्त प्रमाणात घालून माशाला आधी गुंगी आणून शेवट करता येतो. वाचून अंगावर काटा आला ना? मलाही येतो. पण धरणात सोडण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटतं आणि सासूबाईंना अजून वाटत नाही. त्यावर आमचा वाद चालू आहे.

आमचा सकर सध्या मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात आहे. ज्या दुकानातून आणला, तिथे परत घेतला नाही. हौदावर लोखंडी जाळी बसवली, कारण पावसाळ्यात हौद भरून वाहिला तर हा बाहेर पडायचा. हे मासे दहा-बारा वर्षं सहज जगतात म्हणे. धाकटा तोवर कॉलेजात जाईल आणि हौद धुवायला मीच असेन. परवा बघते तर सासूबाई जाळी सरकवून दुधीचं देठाकडचं टोक आत टाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काही नाही, फेकूनच द्यायचं होतं.”