संहिता सर्वांची, चिन्ह कोणाचे?

कोल्हा, खेकडा आणि सरडा यांच्या चित्रांवरून जगभरचे संगणकतज्ज्ञ वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, असे सांगितले तर व्यवहारी माणूस हसेल. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतील काही शहाण्यांचेही मत असेच आहे: काम सोडून बोधचिन्हाचा आणि शुभंकराचा घोळ घालणे हा पोरकटपणा होय. हे मत टिकून राहण्यात कोणाचा लाभ आहे, हे तपासले पाहिजे.

निदान राजकीय कार्यकर्त्याला तरी या भांडणाचे हसू येऊ नये. १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेसची बैलजोडी कोणाची, हा वाद निवडणूक आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये आयोगाने धनुष्यबाणाचा निर्णय दिला तेव्हा महाराष्ट्राने तेच नाट्य पुन्हा पाहिले. चिन्ह ज्याच्या हाती, त्याच्या हाती पूर्वीच्या सर्वांच्या श्रमाची पुण्याई जाते.

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणीही पाहावी, बदलावी आणि वाटावी, असा परवाना तिच्याबरोबरच दिलेला असतो. हा परवाना लेखनहक्काच्या कायद्यावर उभा आहे. नाव आणि बोधचिन्ह मात्र व्यापारचिन्हाच्या निराळ्या कायद्याखाली येतात, आणि तेथे सामुदायिक मालकीची सोय कोणी केलेली नसते. म्हणजे संहिता हजारोंची, पण त्या हजारोंनी कमावलेला नावलौकिक एका नोंदणीकृत संस्थेचा किंवा कंपनीचा! भांडवल निर्माण करणारे एक आणि त्यावर स्वामित्व सांगणारे दुसरे, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रकार येथे नव्या वेषात उभा आहे.

'डेबियन' या प्रकल्पाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९३ पासून स्वयंसेवकांनी उभारलेल्या या प्रकल्पात 'फायरफॉक्स' हा ब्राउझर वाटला जात असे. त्याची संहिता मुक्त होती. परंतु पृथ्वीच्या गोलाला वेढून बसलेल्या कोल्ह्याचे चित्र मुक्त नव्हते. म्हणून डेबियनने नाव तेच ठेवून कोल्ह्याविना नुसता गोल वापरला. २००६ मध्ये मोझिलाने बजावले की नाव हवे असेल तर चित्रही आमचेच घ्यावे लागेल, आणि संहितेत जी दुरुस्ती कराल तीही आधी आम्हांला दाखवून संमत करून घ्यावी लागेल. येथे चित्राचा प्रश्न क्षणात सत्तेचा प्रश्न झाला. डेबियनचे स्वयंसेवक जुन्या आवृत्त्यांतील सुरक्षेची छिद्रे स्वतः बुजवीत असत. त्या प्रत्येक ठिगळासाठी परवानगी मागत बसणे म्हणजे परवान्याने दिलेले स्वातंत्र्य चिन्हाच्या दाराने परत घेणे होते. त्यांनी नाव सोडले. 'आइसवीझल' या नावाने तोच ब्राउझर लोकांनी पुढे दहा वर्षे वापरला. समेट झाला तो २०१६ मध्ये. आगीच्या उलट बर्फ आणि कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा एक प्राणी, एवढी थट्टा त्यांनी करून घेतली, ती त्यांना शोभली.

व्यापारचिन्हाच्या समर्थकांचा एक मुद्दा खरा आहे. प्रसिद्ध नावाखाली भेसळीचा माल खपविणारे भामटे या क्षेत्रातही आहेत, आणि नावाला संरक्षण नसेल तर सामान्य वापरणारा फसतो. पण हे संरक्षण मालकाच्या हाती गेल्यावर वापरणाऱ्याचे भले होतेच, असे नाही. 'ओपनऑफिस'चे काय झाले ते पाहावे. सन कंपनीने २००० मध्ये त्याची संहिता खुली केली. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन गिळंकृत केली आणि त्याच वर्षी त्यावर काम करणाऱ्यांतील अनेक जण बाहेर पडून त्यांनी स्वतःची संस्था काढली. नाव आम्हांला द्या, अशी त्यांची मागणी होती. ओरॅकलने ते दिले नाही. काम करणारे गेले 'लिब्रेऑफिस'कडे, नाव राहिले मागे, आणि पुढे ते अपाची संस्थेकडे सोपविण्यात आले. ओपनऑफिसची शेवटची मोठी आवृत्ती २०१४ ची. त्यानंतर किरकोळ डागडुजीच तेवढी झाली. तरीही जुन्या नावाच्या ओढीने लोक तेच उतरवून घेत राहिले. अखेर २०२० मध्ये लिब्रेऑफिसवाल्यांना जाहीर पत्र लिहून विनवावे लागले की तुमच्याकडे येणाऱ्यांना आमचा पत्ता तरी सांगा. भेसळीपासून संरक्षण म्हणतात ते हेच काय?

'ओपनसुसे'च्या सरड्याचे प्रकरण थोडक्यात सांगता येते. सुसे कंपनी २०१९ मध्ये ईक्यूटी या गुंतवणूकदार संस्थेच्या ताब्यात गेली, आणि २०२४ मध्ये कंपनीने २००५ पासून चालत आलेल्या स्वयंसेवी प्रकल्पाला आपले नाव वापरणे सोडण्याची विनंती केली. विनंतीची भाषा सौम्य होती. घरमालकाचीही पहिली नोटीस सौम्यच असते.

'रस्ट' या संगणकभाषेच्या प्रतिष्ठानाची स्थापना २०२१ मध्ये झाली तेव्हा संस्थापकांत ॲमेझॉनची सेवा-कंपनी, गूगल, हुआवे, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला होत्या. एप्रिल २०२३ मध्ये या प्रतिष्ठानाने व्यापारचिन्हाच्या नियमांचा मसुदा काढला. चिन्हात फेरफार करण्यावर त्यात बंधने होती, स्वयंसेवकांनी आपल्या उपक्रमांना नावे कशी द्यावीत याचे दंडक होते, आणि भाषेच्या नावाने सभा भरवायची तर तेथे शस्त्रबंदी असावी, इथपर्यंत मजल गेली होती. शस्त्रबंदीला विरोध करण्याचे कारण नाही. पण ती लादण्याचा अधिकार एका बोधचिन्हातून निघावा, हे विपरीत आहे. मोठा गदारोळ उठला, प्रतिष्ठानाला क्षमा मागावी लागली, आणि काही मंडळींनी निषेध म्हणून त्या भाषेची 'क्रॅब' या नावाची वेगळी शाखा काढली. नाव खेकड्याचे, कारण 'फेरिस' हा खेकडा या भाषेचा लाडका शुभंकर आहे. त्याचे मूळ चित्र चित्रकर्तीने सार्वजनिक मालकीला देऊन टाकले असल्याने तो कोणाच्या मसुद्यात अडकला नाही.

या प्रकल्पांत काम करणाऱ्यांनी मागणी करायची ती नेमकी ही: नाव आणि चिन्ह अशा संस्थेकडे असावे, जिच्या कारभाराबाबत काम करणाऱ्यांना मताधिकार आहे. हे अशक्य नाही. डेबियनचे नाव एका ना-नफा विश्वस्त संस्थेकडे आहे, प्रकल्पाचा नेता सभासद दरवर्षी मतदानाने निवडतात, आणि त्याचे लाल भोवऱ्याचे बोधचिन्ह संहितेसारख्याच मुक्त परवान्याने कोणालाही वापरता येते. रस्टच्या प्रतिष्ठानात कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर प्रकल्पाचेही प्रतिनिधी बसतात. चिन्हाविषयीचा पुढचा मसुदा छापण्यापूर्वी तो काम करणाऱ्यांपुढे मताला टाकण्याचा आग्रह त्यांनी तेथेच धरला पाहिजे.