छायाचित्र धाडतांना

वार्षिक अंक हातीं पडतांच विद्यार्थी प्रथम काय पाहतो? आपल्या वर्गाचें छायाचित्र! त्यांत आपला चेहरा अस्पष्ट निघाला, म्हणजे त्याची मोठी निराशा होते. हा दोष बहुधा मुद्रकाच्या माथीं मारला जातो. परंतु आमच्या मतें त्याचें मूळ पुष्कळदां छायाचित्र धाडणाराच्या निष्काळजीपणांत असतें.

डिजिटल छायाचित्र म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची, अर्थात् पिक्सेलांची, रांगोळीच होय. पडद्यावर थोड्या पिक्सेलांनीं भागतें. कागदास तेवढे पुरत नाहींत. चांगल्या गुळगुळीत कागदावर दर इंचास सुमारें १५० ओळी ठिपक्यांच्या छापतात. प्रत्येक ओळीस दोन पिक्सेल धरिले, म्हणजे दर इंचास ३०० होतात. या हिशेबानें ६ इंच रुंद व ४ इंच उंच चित्रास १८०० गुणिले १२०० पिक्सेल लागतात. उलट ६४० गुणिले ४८० पिक्सेलांचें चित्र जेमतेम दोन इंच रुंद छापतां येतें. सबंध वर्ग दोन इंचांत बसविला, तर कोणीं कोणास ओळखावें?

कित्येक जण संगणकांत ७२ हा आंकडा पुसून तेथें ३०० लिहितात आणि काम झालें असें समजतात. ही केवळ आत्मवंचना होय. दुधांत पाणी घातल्यानें दूध वाढत नाहीं; तसेंच चित्र ताणल्यानें न टिपलेला तपशील त्यांत येत नाहीं.

वास्तविक साधनांची उणीव नाहीं. साध्या मोबाइलचें ४००० गुणिले ३००० पिक्सेलांचें चित्र १३ इंच रुंदीपर्यंत उत्तम छापतें. परंतु निरोपाबरोबर धाडतांना तें वाटेंतच आक्रसतें. म्हणून मूळ फाइलच ई-मेलनें किंवा दस्तऐवज म्हणून धाडावी. पडद्याची नक्कल धाडूं नये, आणि कडा फार कातरूं नयेत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या घरीं लेकराचें दुसरें छापील चित्र नाहीं, त्या घरीं हेंच पान वर्षानुवर्षें जपून ठेविलें जातें. तेथें मुलाच्या चेहऱ्याऐवजीं एक डाग दिसावा, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. लहान कामांतील विश्वासूपणा शाळेंत शिकावयाचा असतो. तो येथेंहि दिसावा, एवढीच विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती आहे.