वळू घोडा मुळातच खुनशी असतो की एकटेपणामुळे तसा होतो?

जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची हत्तीण महादेवी ऊर्फ माधुरी गुजरातच्या वनतारात हलवली गेली आणि कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला. निकालाबद्दल मतं दोन टोकांची होती, आजही आहेत. पण त्या वादामुळे एक प्रश्न घराघरात पोहोचला: कळपात राहणाऱ्या प्राण्याला वर्षानुवर्षं एकटं ठेवलं तर त्याला त्रास होतो का?

हाच प्रश्न आपण घोड्याबद्दल सहसा विचारत नाही. त्यातही वळू घोड्याबद्दल, म्हणजे खच्ची न केलेल्या नराबद्दल, तर नाहीच.

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबारच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो आणि आपल्या फोनवर रील सुरू होतात. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो, फुरफुरतो, दोघं-तिघं दोर ओढून धरतात आणि खाली कमेंट येते, ‘काय जोश आहे!’ पण रील संपल्यावर तो घोडा कुठे असतो? अनेकदा अगाडी-पिछाडी बांधून एका जागी उभा, आसपास दुसरा घोडा नाही.

त्याला एकटं का ठेवतात?

मालकाकडे कारणं असतात आणि ती खोटी नाहीत. दोन वळू भिडले तर लाथेने पाय मोडू शकतो. जवळपास घोडी माजावर आली तर तो दोर तोडू शकतो. घोडा महागडा असेल तर मालकाला ओरखडाही परवडत नाही.

शिवाय घोडेच कमी झालेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३.४ लाख मोजली गेली. २०१२ च्या तुलनेत ही घट जवळपास ४५ टक्के होती. घोडे कमी झाले की शेजारी दुसरा घोडा असण्याची शक्यताही कमी होते.

नर म्हणजे एकलकोंडा, हे खरं आहे का?

आजरा-चंदगड पट्ट्यात एकटा फिरणारा टस्कर लोकांना माहीत आहे. हत्तींमध्ये वयात आलेला नर कळपापासून वेगळा होतो आणि बराच काळ एकटा राहतो. पण हा नियम घोड्याला लागू होत नाही.

मोकळ्या रानात राहणारा वळू घोडा आपल्या घोड्या आणि शिंगरांसोबत असतो. तरुण नर साधारण दोन-तीन वर्षांचे झाले की आईच्या कळपातून बाहेर पडतात, पण तेही एकटे राहत नाहीत. ते इतर नरांसोबत टोळी करतात. लुटुपुटीची भांडणं, एकमेकांची मान खाजवणं, कुठे थांबायचं, हे सगळं ते याच टोळीत शिकतात. लहानपणापासून वेगळं बांधलेल्या घोड्याची ही शाळाच बुडालेली असते.

आपल्या मातीतलं उदाहरण भीमथडी घोड्याचं आहे. ही जात प्रामुख्याने मेंढपाळ धनगरांनी जपली. हे घोडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरं, कुत्री आणि माणसांबरोबर मैलोन्‌मैल चालतात. त्यांना वेगळा ‘व्यायाम’ द्यावा लागत नाही आणि सोबतही शोधावी लागत नाही.

बांधून ठेवल्यावर काय बिघडतं?

घोड्याचं शरीर दिवसातले चौदा-सोळा तास चालत-चरत राहण्यासाठी बनलेलं आहे. त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, पोट रिकामं असलं तरीही. दोन वेळा खुराक देऊन मधला वेळ नुसतं उभं ठेवलं तर पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो.

मनावरचा ताणही दिसतो. काही घोडे जागच्या जागी डुलत राहतात, काही लाकडात दात रोवून हवा ओढतात, काही आपलंच अंग चावतात. आपण याला ‘खोड’ म्हणतो. मग दिवसभर बांधलेला हा घोडा मिरवणुकीसाठी गर्दीत, डीजेसमोर उभा केला जातो. तिथे तो उधळला तर मार बसतो मोतद्दाराला, नवरदेवाला किंवा बघायला आलेल्या पोराला.

दोन वळू एकत्र राहू शकतात?

राहू शकतात, पण अटी आहेत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय अश्वपैदास केंद्रातल्या वळूंवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजूबाजूला घोड्या नसताना हे नर मोठ्या कुरणात एकत्र सोडले गेले. सुरुवातीला धुसफूस झाली, पण तीन-चार दिवसांत भांडणं झपाट्याने कमी झाली. त्या देशाच्या नियमांनुसार घोड्याला दुसरा घोडा दिसणं, त्याचा आवाज ऐकू येणं आणि वास येणं बंधनकारक आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी आखूड साखळीने किंवा दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. पण किती तास म्हणजे ‘अवाजवी’, ते या कलमात लिहिलेलं नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये! सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं पाहिजे, असा वेगळा उल्लेख याच कलमात आहे. घोड्यासाठी तसा उल्लेख नाही. आणि सोबतीबद्दल तर हे कलम काहीच म्हणत नाही.

मग आजऱ्यासारख्या ठिकाणी करायचं काय?

इथे पावसाळा धो-धो असतो, शेतं लहान आहेत आणि चिखलात उभं राहून खूर कुजतात. स्वित्झर्लंडचं कुरण इथे आणता येणार नाही. पण तेवढ्या मोठ्या कुरणाशिवायही बरंच काही करता येतं:

• रोज काही तास उंच, निचऱ्याच्या जागेत भक्कम कुंपणाच्या आत मोकळं सोडा. तारेचं काटेरी कुंपण नको.
• नवी जोडी थेट एकत्र सोडू नका. आधी काही दिवस कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवा. एकत्र सोडताना मागचे नाल काढा आणि चारा दोन-तीन ठिकाणी टाका.
• वळूसाठी खच्ची केलेला शांत घोडा ही तुलनेने सोपी सोबत आहे. तेही जमत नसेल तर शेळी किंवा गाढव चालतं. काहीच नसण्यापेक्षा ते बरं.
• बाहेरचा घोडा आणण्याआधी ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो.
• पैदास करायचीच नसेल तर खच्चीकरणाबद्दल पशुवैद्यकाशी बोला.
• हाताळणारा माणूस आणि त्याच्या खुणा शक्यतो रोज त्याच ठेवा. घोड्याच्या तोंडावर मारू नका. मार खाल्लेला घोडा हात दिसला की आधी चावायला शिकतो.

यात खर्च आहे आणि तो एकट्या मालकाच्या माथी मारून चालणार नाही. गावाची गायरानं कमी होत गेली तर जनावर मोकळं सोडायचं कुठे, हा प्रश्न ग्रामपंचायतीलाही विचारावा लागेल.

आपल्या हातातही एक गोष्ट आहे. वरातीसाठी घोडा ठरवताना आपण भाडं विचारतो, रंग विचारतो. त्यासोबत एवढंही विचारता येईल: एरवी हा कुठे असतो आणि कुणासोबत? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं तर अकराव्याच्या आधी मालक त्याचा विचार करायला लागेल.