मूठभर, पण रोज

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांचा फोन आला. वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त गरीब वृद्धांना काहीतरी द्यायचे आहे, तेव्हा ब्लँकेटे द्यावीत की फळे, असा त्यांचा प्रश्न होता. मी उत्तर देण्याऐवजी त्यांना एका रुग्णाची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो, कारण तिच्यात चूक माझीही आहे.

हे गृहस्थ सत्तरीचे. भिवंडीत यंत्रमागावर त्यांची चाळीस वर्षे गेली. मजुरी मीटरवर आणि कारखाने सतत बदलत गेलेले, त्यामुळे ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. पत्नी वारली, मुलगा दूर गावी. एका खोलीत एकटे राहतात आणि दोन्ही वेळा भिशीत जेवतात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे माग कामगारांच्या खाणावळीला भिशी म्हणतात.) रक्तदाबासाठी मी त्यांना रोज एक गोळी लिहून दिली होती. दर महिन्याला ते येत, मी दाब मोजत असे आणि तो वाढलेलाच असे. मी गोळी बदलली, मग दुसरी जोडली. एकदा रागावलोही. "मामा, गोळ्या वेळेवर घेता ना?" म्हटले की ते मान डोलवत.

एका सकाळी त्यांचे तोंड वाकडे झाले व उजवा हात पडला. शेजाऱ्याने खोलीतून औषधांची पिशवी आणली, तेव्हा सारा उलगडा झाला. प्रत्येक गोळीचे ब्लेडने दोन तुकडे केलेले होते आणि तो अर्धा तुकडाही ते एक दिवसाआड घेत होते. मी दुसरी गोळी जोडली, त्याने दाब उतरला नाही, फक्त खर्च दुप्पट झाला. गोळी घेता का, हे मी दर वेळी विचारले. परवडते का, हे एकदाही विचारले नाही. आणि मान डोलवण्याचे म्हणाल, तर जन्मभर मागांच्या खडखडाटात उभे राहून त्यांना ऐकूच कमी येत होते. माझ्या निम्म्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

रक्तदाबाची नेहमीची जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रात घेतली, तर दहा गोळ्यांची पट्टी दोन कटिंग चहाच्या पैशांत येते. तेव्हा महिन्याच्या सहा कटिंगमध्ये हा झटका कदाचित टळला असता. 'कदाचित' म्हणतो, कारण वैद्यकात खात्री कोणी देऊ नये. पण दाब ताब्यात राहिला की अर्धांगाचा धोका बराच कमी होतो, यात शंका नाही.

सरकार काही करत नाही असे मुळीच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. आपले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय त्यांतलेच. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. पण हे कार्ड माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. तो दाखल होऊ नये म्हणून रोज जी गोळी आणि जे जेवण लागते, त्याचे काय? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १५०० रुपये मिळतात. ते मिळवायला आधार जोडलेले खाते हवे आणि दर वर्षी हयातीचा दाखला हवा. सूत हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा तो हेलपाटे घालून कंटाळतो आणि घरी बसतो. रुग्णालयातली गोळी फुकट असली, तरी तिथवरची रिक्षा फुकट नसते आणि रांगेत दोन तास उभे राहण्याचे बळ सत्तराव्या वर्षी सर्वांना नसते. अशा वेळी शेजारच्या कॉलेजकुमाराने एक सकाळ त्यांच्यासाठी मोडली, तर ते दान ब्लँकेटापेक्षा मोठे आहे.

फळवाटपाविषयी माझे मत थोडे कडू आहे. कोणाचा तरी वाढदिवस येतो, वॉर्डात केळी व सफरचंदे येतात, फोटो निघतो. त्या दिवशी मधुमेही आजोबांपुढे चार केळी असतात आणि ज्या आजींच्या तोंडात एकही दात नाही, त्यांच्या हातात सफरचंद. दुसऱ्या दिवशी कोणी फिरकत नाही. देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नव्हे. पण म्हाताऱ्या शरीराला एका दिवसाची चंगळ सोसत नाही आणि पुरतही नाही. त्याला थोडे, मऊ आणि वेळेवर लागते. आसट वरणभात, त्यात डाळ जरा जास्त, चालत असेल तर एक उकडलेले अंडे, कपभर दूध. उतारवयात तहानही कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात येता-जाता "पाणी घेतलेत का?" एवढे विचारणेही औषधच आहे. मधुमेहाच्या बाबतीत तर वेळेचे जेवण ही चैन नव्हे. साखरेची गोळी घेतली आणि डबा आलाच नाही, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, भोवळ येते आणि पडून खुबा मोडतो. तेव्हा डबा देणाऱ्याने एक ठरवावे : तो चुकणार असेल, तर आदल्या दिवशी सांगायचे.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भाईंदरला, आयुर्वेदाचे डॉक्टर उदय मोदी श्रवण टिफिन सेवा चालवतात. दवाखान्यात आलेल्या एका वृद्धाची अडचण ऐकून त्यांनी आपल्या घरूनच डबे द्यायला सुरुवात केली आणि पुढे डब्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. हे वाचून छाती दडपू देऊ नका. दोनशे डबे आपल्याला जमणार नाहीत, एक जमेल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे उभी राहिली, त्यात मुष्टिफंडाचा वाटा होता. घरोघरच्या बायका रोज एक मूठ धान्य बाजूला काढत, त्यावर गरिबांची मुले जेवून शिकली. मूठ लहान होती, पण ती रोज निघत होती.

एक सूचना मात्र डॉक्टर म्हणून करायलाच हवी. घरात उरलेल्या गोळ्या परस्पर कोणाला देऊ नका. तुमच्या वडिलांना चाललेली दाबाची गोळी शेजारच्या काकांना चालेलच असे नाही. अशक्तपणावर टॉनिक आणि गुडघेदुखीवर वेदनाशामक गोळ्या वाटणारे दाते मी पाहिले आहेत. त्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडलेले म्हातारेही पाहिले आहेत. त्यांची चिठ्ठी घ्या, तारीख पाहा, तेच औषध आणा. आणि ज्याने आयुष्य मागावर काढले, त्याच्याशी समोर बसून, ओठ दिसतील असे, सावकाश बोला. ओरडू नका.

आमचे मामा आता काठीवर चालतात. गोळी भिशीवाल्या बाईंनी आपल्याकडे ठेवून घेतली आहे. भाताच्या ताटाबरोबर गोळी आणि तांब्याभर पाणी येते. गेले चार महिने दाब ठीक आहे. मी त्यांची दुसरी गोळी बंद केली.

स्नेह्यांनी ब्लँकेटांचा बेत सोडला. पुण्यतिथीच्या रकमेचे बारा भाग करून त्यांनी गल्लीतल्या एका आजींची महिन्याची औषधे स्वतःकडे घेतली. पहिल्याच महिन्यात आजींनी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांना तासभर बसवून घेतले. कामाचा खोळंबा झाला, अशी त्यांची तक्रार आली. पुढच्या वेळी दीड तास काढून जा, असे मी कळवले आहे.