अहिंसा कोणाच्या मालकीची?

१/ गांधीजींची अहिंसा ख्रिस्ती धर्मातून उसनी घेतलेली होती, असे काहींचे मत. ती निव्वळ हिंदू होती, असे इतरांचे. इतिहास दोन्ही मते खोडून काढतो.

२/ लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींनी येशूचे गिरिप्रवचन वाचले. अपकाराची फेड उपकाराने करावी, हा उपदेश त्यांना परका वाटला नाही. गुजराती कवी शामळ भट्ट यांच्या पद्यातून तो बालपणीच मनात रुजला होता. आत्मकथेत त्यांनीच हे नोंदवले आहे.

३/ १९०८ मध्ये प्रवास उलट दिशेने घडला. भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दास यांना उत्तर लिहिताना ख्रिस्ताचा उपदेश मानणाऱ्या टॉल्स्टॉय यांनी तमिळ तिरुक्कुरळचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी गांधीजींनी ते पत्र गुजरातीत आणले.

४/ युद्धाचे समर्थनही दोन्ही परंपरांत सापडते. क्रुसेड लढणारेही येशूचेच नाव घेत होते आणि गीता सांगितली गेली ती रणभूमीवर. म्हणूनच अहिंसा कोणत्याही धर्माला आपोआप मिळालेला वारसा ठरत नाही. गांधीजी आणि टॉल्स्टॉय यांनी ती आपापल्या ग्रंथांतून जाणीवपूर्वक निवडली आणि निवडताना परक्या ग्रंथाची साक्ष काढण्यात कमीपणा मानला नाही. मालकी सांगणाऱ्यांनी आधी ही निवड करून दाखवावी.