नांगऱ्याच्या बायकोचे दान आणि दोन गडांची वाट



वर्षावास संपला, अश्विन पौर्णिमेची वंदना झाली, की पूर्वी भिक्खू पुन्हा चारिकेला निघत. पावसाचे तीन महिने एका जागी राहायचे आणि उरलेले वर्ष पायी फिरून लोकांना धम्म सांगायचा, हा त्यांचा नियम होता. आपल्या सह्याद्रीतील लेणी या वर्षावासासाठी कोरली गेली. म्हणून यंदा थंडी पडू लागली की आपणही एक दिवसाची चारिका करावी. बिऱ्हाडातल्या सगळ्यांनी, म्हणजे बाईमाणसांनी आणि पोरीबाळींनीसुद्धा.

आपल्या वाघोलीकरांना दूर जायला नको. पहाटेच्या बसने पुणे स्टेशन गाठावे आणि लोणावळ्याची लोकल धरावी. वाटेत देहूरोड लागेल. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथे आपल्या हाताने बसवली. गाडीतूनच मुलांना हात जोडायला सांगावे. पुढे लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन मळवली. तिथे उतरायचे.

मळवलीहून एक मोठा फेरा होतो. आधी भाजे लेणी, मग विसापूर, तिथून उतरून गायमुख खिंड, मग लोहगड आणि परत मळवली. सबंध दिवसाची वाट आहे. विसापूरचा चढ दगडाधोंड्यांतून आहे, काही ठिकाणी हात टेकल्याशिवाय पाय उचलत नाही. माथा मात्र ऐसपैस आहे, जुना तट लांबवर गेलेला दिसतो आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी जागोजाग भेटतात. विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी तो घेतला आणि लगेच लोहगडही पडला, तो या उंचीमुळेच. लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत. वर नाना फडणवीसाने बांधलेले सोळा कोनांचे तळे आहे आणि पश्चिमेला विंचूकाटा नावाची अरुंद सोंड डोंगरातून पुढे गेली आहे. तिच्यावर उभे राहिले की खाली पवना धरणाचे निळे पाणी आणि समोर तुंग, तिकोना दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे.

परंतु गड पाहण्याआधी भाज्याला नीट थांबावे. इथे बावीस लेणी आहेत आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. चैत्यगृहाच्या छताला त्या काळचे लाकडी वासे अजून आहेत. आठ कोनी खांब किंचित आत झुकलेले दिसतील, कारण कारागिरांनी लाकडी घराची रीत दगडात उतरवली. जवळच चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. धम्मगिरी, संघदिन अशा थेरांची नावे त्यांवर कोरली आहेत. पाण्याच्या एका टाक्यावर लेख आहे की हे टाके विण्हुदत्त नावाच्या महारठी सरदाराचे दान आहे. टाक्याला त्या लेखात पोढी म्हटले आहे.

आणि एका विहारात अगदी लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ इतकाच, की हे बाधा हिचे दान, ती हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा माणूस. सरदाराचे नाव दगडावर राहिले यात नवल नाही. पण नांगऱ्याच्या बायकोचे नाव, तेही तिचे स्वतःचे, दोन हजार वर्षे टिकले आहे. धम्माने दान घेताना तिला जात विचारली नाही, हातात किती आहे हेही विचारले नाही. भगिनींनो, धुणीभांडी करून, विटा वाहून तुम्ही विहाराच्या पेटीत जे टाकता, त्याची परंपरा या बाधेपासून आहे. तिचे नाव मुलींना सांगा.

आपल्या वाघोलीला हे अधिक कळेल. गाव २०२१ मध्ये महापालिकेत गेले, मोठमोठ्या इमारती उठल्या. पण त्याआधीपासून वाघोलीच्या खाणी पुण्याला खडी पुरवत आल्या. सुरुंग, घण, धूळ आणि फुटलेले हात काय असतात, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. भाज्याचा कातळ तोच काळा दगड आहे. छिन्नीच्या खुणा पाहून खाणीतला माणूस जे ओळखेल, ते शिकलेल्या पाहुण्यालाही उमगणार नाही. तिथे मुलांनी बापाला विचारावे आणि बापाने समजावून सांगावे.

काही जण म्हणतील, आठवडाभर राबायचे आणि रविवारी पुन्हा डोंगर चढायचा, हे रिकामटेकड्यांचे काम. त्यांना एक प्रसंग सांगावासा वाटतो. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. जवळपास तीस माणसे होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळ प्रवासाची धूळ धुवावी म्हणून त्यांनी टाक्यावर हातपाय धुतले. टाके बाटवले म्हणून लोक धावून आले. अखेर आत सोडले ते एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. राखणीला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती!

डोंगर आपल्या माणसांना नवा कधीच नव्हता. गडांच्या घेऱ्यात महार, कोळी, रामोशी पहाऱ्याला असत. चढणे आपल्या वाट्याला होते, पण ते दुसऱ्याच्या कामासाठी. आपल्या मनाने चढणे, वर बसून भाकरी खाणे, दूरवर पाहणे, हे आपल्याला मिळू दिले नाही. म्हणून आपली लेक विसापूरच्या माथ्यावर उभी राहते, तेव्हा ती नुसती मौज नसते.

आणि आपली पोरे कमी नाहीत. २५ मे २०१४ रोजी तेलंगणातील मालावत पूर्णा आणि आनंदकुमार यांनी एव्हरेस्ट सर केले. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारे. पूर्णा शेतमजुरांची आदिवासी मुलगी, वय तेरा वर्षे अकरा महिने. आनंद दलित कुटुंबातला. संधी आणि शिक्षण मिळाले, तेव्हा उंची आडवी आली नाही.

आता व्यवहाराचे चार शब्द. ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. पावसात शेवाळलेल्या दगडांवरून जाऊ नये, ओढ्यात मुलांना उतरू देऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण गेले. माणशी दोन-तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे आणि पक्क्या तळव्याचे बूट एवढे पुरे. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना भाज्यापर्यंतच न्यावे, तीही पुरी चारिका आहे. दोन गड करणाऱ्यांनी दुपारी दोनपर्यंत खिंडीत पोचावे. उशीर झाला तर लोहगड पुढच्या वेळेला ठेवावा, अंधारात वाट धरू नये. विंचूकाट्यावर काठाशी जाऊ नये. लेण्यांत नावे खरडू नयेत. तिथे लिहिण्याचा मान बाधेने दान देऊन मिळवला होता.

आणि वाटेत कोणी तहानलेला भेटला, तर तो कोण, कुठला हे न विचारता आपली बाटली पुढे करावी. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या लेकरांनी डोंगरावर पाणी वाटत चालावे, याहून चांगले दान ते कोणते?

जयभीम!